तांबटाची वाटी आणि पाचवं माणूस

घराघरात नळ नव्हते आणि भिंतींवर घड्याळंही नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका टेकडीवर एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला तळं. तळ्याचं पाणी दगडी पाटाने गल्लीगल्लीत यायचं आणि प्रत्येक घराच्या हौदात पडायचं. या पाण्याबद्दल दर घराने राजाला वर्षाला नऊ पायली जोंधळे द्यायचे, असा जुना नियम होता. घरात दोन माणसं असोत की बारा, नऊ म्हणजे नऊ.

एके वर्षी तळं अर्ध्यावर आलं, तेव्हा राजाने दवंडी पिटवली. ज्याला हवं त्याने आता पाणी मोजून घ्यावं. पाटकरी रोज सकाळी येईल, हौद काठोकाठ भरून देईल आणि किती पाणी लागलं ते मोजेल. जेवढं वापराल तेवढेच जोंधळे द्या. वर्षभर करून पाहा. नाही परवडलं तर पाडव्याच्या दिवशी चावडीवर येऊन सांगा, जुना नियम परत मिळेल. तो दिवस चुकला की मात्र मोजणी कायमची.

मोजायचं कशाने? त्यासाठी राजाने गावच्या तांबटाकडून तांब्याच्या वाट्या घडवून घेतल्या. तळाला सुईच्या टोकाएवढं भोक. पाटकरी पाटाचं बूच काढायचा आणि वाटी पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडायचा. भोकातून पाणी चढून वाटी बुडाली की झाली एक बुडी. रोजची एक बुडी म्हणजे वर्षाची एक पायली, असा सोपा हिशोब ठेवला होता.

तांबट मोठा कसबी माणूस. एकेका वाटीचं भोक दहादहा वेळा तपासायचा. केसभर मोठं वाटलं तर वाटी मोडून पुन्हा घडवायचा. माझी वाटी खोटं बोलायची नाही, असं तो ज्याला त्याला सांगायचा, आणि ते खरंही होतं.

गल्लीतल्या लोकांना काही सुचेना. मोजून घ्यावं की नऊ पायली देऊन मोकळं व्हावं? सगळे तांबटाच्या ओसरीवर जमले. वाटी याची, तेव्हा यानेच आधी वर्षभर करून पाहावं, मग हा करेल ते आपण करू, असं त्यांनी ठरवलं होतं.

तांबटाने करंगळीवर अंगठा टेकवला. "मी." पुढच्या बोटावर. "ही." मग उरलेल्या दोन बोटांवर दोघं पोरं. "चार माणसं. माणशी दोन बुड्या, म्हणजे आठ पायली. नवातली एक वाचली."

आत दाराआड त्याची थोरली बहीण तूर निवडत बसली होती. तिला सगळे आक्का म्हणायचे. आई गेल्यावर या भावाला तिनेच कडेवर घेऊन वाढवलं होतं. पुढे तिचा नवरा वारला, तेव्हापासून अकरा वर्षं ती याच घरात होती. सगळ्यांच्या आधी उठायची, सगळ्यांच्या मागून जेवायची.

बोटं मोजली जात होती तशी आक्का ऐकत होती. आता आपलं नाव येईल, म्हणून तिचा हात सुपातच थांबला. तांबटाने मूठ मिटली आणि विषय संपला.

चुकून राहिलं असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. बाहेर जाऊन म्हणावं का, की अरे, मी पण आहे? पण म्हटलं तर आठाच्या दहा होतात, आणि नवापेक्षा दहा जास्त. एवढं गणित तिलाही येत होतं. भाऊ चारचौघांत बोलून बसला होता. तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून आक्काने घरच्या हौदाला हात लावला नाही. टेकडीच्या पायथ्याशी ओढा होता. दोनशे पायऱ्या उतरायच्या, तिथेच अंघोळ करायची, लुगडं धुवायचं आणि प्यायला एक घागर डोक्यावर घेऊन दोनशे पायऱ्या चढायच्या. भावजयीने एकदा विचारलं, "वन्सं, हौद भरलेला असताना खाली कशाला जाता?" आक्का म्हणाली, ओढ्याचं पाणी गोड लागतं. भावजयीने दुसऱ्यांदा विचारलं नाही. आठच बुड्या भरत होत्या, त्याचा तिलाही आनंद होता.

शेजारच्या तेलिणीचं मात्र असं नव्हतं. कुणाच्या घरी काय शिजतं, हे तिला फोडणीच्या आधी कळायचं. कुंपणापाशी उभी राहून तिने आक्काला अडवलं.

"आक्का, घरचा हौद उष्टा झालाय का?"

"नाही गं. ओढ्याचं पाणी गोड लागतं मला."

"अकरा वर्षं नाही लागलं ते?"

आक्का हसली आणि चढणीला लागली. जाताना एवढंच म्हणाली, की कुणाला बोलू नकोस. तेलीण आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट पोटात ठेवून गप्प बसली. पुढे तिला त्याचंच वाईट वाटत राहिलं.

पावसाळा गेला, थंडी गेली. तांबट ज्याला त्याला सांगायचा, आठ म्हणजे आठ, नववी बुडी कधी झाली नाही. पाडव्याला कायमची मोजणी घ्यायची, हे सगळ्या गल्लीने मनाशी पक्कं केलं.

पाडवा पंधरा दिवसांवर आला आणि एका सकाळी आक्का भरल्या घागरीनिशी पायरीवरून घसरली. लोकांनी तिला उचलून घरी आणलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. हाडवैद्याने पाला बांधला आणि तिला हलवायचं नाही म्हणून सांगितलं.

आता आक्काचं पिणं, अंग पुसणं, तिचे कपडे धुणं, सगळं घरच्या हौदातून होऊ लागलं. तिसऱ्या दिवशी पाटकरी म्हणाला, "तांबटदादा, आज दहा बुड्या झाल्या."

तांबटाला पटेना. घंगाळ हललं असेल, म्हणाला. पुढच्या दिवशीही दहाच. मग त्याने वाटी मागून घेतली, उन्हात धरून पाहिली, भोकात आपली सुई घालून पाहिली. भोक वाढलं नव्हतं. त्याच्या पुढच्या दिवशी दुसरी वाटी आणवली. तिनेही दहाच दाखवल्या. तो वाटी घेऊन ओसरीवर बसून राहिला.

तेलीण कुंपणापलीकडून सारं पाहत होती. तिला राहवलं नाही.

"भावजी, वाटी काय तपासता? माणसं मोजा."

तांबटाने वर पाहिलं. मग त्याचा अंगठा आपोआप करंगळीवर गेला. मी, ही, दोघं पोरं. चार बोटं संपली. अंगठा कशावर टेकवावा ते त्याला कळेना. वर्षभर कोण कुठून पाणी आणत होतं, ते त्याला तिथे बसल्या जागी समजलं.

तो उठून आत गेला आणि बाजेपाशी खाली बसला. "आक्का, तू बोलली का नाहीस?"

"तू मोजत होतास रे," आक्का म्हणाली. "मला वाटलं, तूच म्हणशील."

पाडव्याला तांबट चावडीवर गेला. सारी गल्ली मागे उभी होती. त्याने सांगितलं, की माझ्या घरात पाच माणसं आहेत, मला मोजणी परवडत नाही, जुना नियम द्या. पाटलाने विचारलं, वाटी चुकली की काय? तांबट म्हणाला, "वाटी बरोबर होती. मी चुकलो."

लोक घरी गेले. त्या दिवशी प्रत्येक घरात सगळ्यांना समोर बसवून माणसं मोजली गेली. ज्या घरी दोघंतिघंच होते त्यांनी मोजणी घेतली, आणि त्यांचे जोंधळे खरोखर वाचले. भरल्या घरांनी नऊ पायली दिल्या.

तांबटाची वाचलेली एक पायली हाडवैद्याकडे गेली, वर आणखी तीन गेल्या. आक्का पुन्हा कधी चालली नाही. हौद भरला की पहिला तांब्या भाऊ स्वतः तिच्या उशाशी नेऊन ठेवायचा. आक्का तो प्यायची. पाणी गोड आहे, असं मात्र ती पुन्हा कधी म्हणाली नाही.

तात्पर्य: घराची बचत मांडण्याआधी घरातलं न बोलणारं माणूस मोजावं, नाहीतर ती सारी बचत त्याच्याच अंगावर पडते.