मास्तरच्या बाजूची पायडलं

"...आणि मधेच क्लच सोडायचा तो कशासाठी, ठाऊक आहे?"

हा प्रश्न शिष्याने गुरूला विचारला होता.

शिवाप्पा मगदूम यांनी मान हलवली. "न्हाई बा. कशासाठी?"

इंगवले सर खुलले. चिऱ्याच्या खाणीवर ट्रकमध्ये शेवटचे दोन थर भरणं चाललं होतं, तेवढा वेळ हाताशी होता. त्यांनी काटकी घेतली आणि तांबड्या धुळीत एकमेकांना चिकटलेली दोन दातेरी चाकं काढली.

"हे इंजिनाचं चाक, हे टायरांकडचं. दोघांचा वेग जुळला तरच दातात दात बसणार. नव्या गाड्यांत तो आपोआप जुळतो. तुमच्या या जुन्या गाडीत आपण जुळवायचा. क्लच दाबून वरचा गिअर काढायचा, क्लच सोडायचा, रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग खालचा गिअर टाकायचा. याला डबल क्लच म्हणतात."

"आसं हाय व्हय," शिवाप्पा म्हणाले.

चाळीस वर्षं ते याच गाडीवर हेच करत आले होते, पण कुणी चित्र काढून सांगितलं नव्हतं. ते उकिडवे बसले आणि चित्र मन लावून पाहिलं. त्यात थट्टा नव्हती. थट्टा असती तर सरांना जरा बरं वाटलं असतं, कारण तिला उत्तर देता येतं.

मुरलीधर इंगवले यांचं इचलकरंजीत पंधरा वर्षं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. दोन हजारांवर माणसं त्यांच्या शेजारी बसून गाडी शिकली. भाजीवालीपासून बँकेच्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना सर म्हणत. मग गावात दोन नवी चकचकीत स्कूलं आली आणि दिवाळीत सरांनी आपली पाटी उतरवली.

तेवढ्यात ट्रकमालकांच्या संघाने अवजड गाड्या शिकवायचा वर्ग काढला. चौदा जणांनी नावं दिली. शिकवायला सर ठरले, वर्ग सोमवारपासून. पण संघातली जुनी माणसं अडून बसली. भरलेली गाडी यांनी शिवाप्पा उस्तादांना शेजारी बसवून घाटातून वर आणावी, आणि उस्तादांनी कागदावर सही करावी. मगच वर्ग.

कागद सरांच्या खिशात होता. आज शनिवार होता. घाटाच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि सही झाली नव्हती.

सपाटीवर सर छान चालवत. खोटं कशाला बोला, उतारावरही छान चालवत. पण चढ लागला, इंजिन दमलं आणि तिसऱ्यातून दुसऱ्यात यायची वेळ आली की ठरलेलं... कर्रर्र. दातावर दात घासल्याचा तो आवाज ऐकून रस्त्याकडेची माणसंसुद्धा तोंड वाकडं करीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण सरांनी दुसऱ्यांसाठी पुष्कळदा वापरली होती. दोन दिवस ती त्यांच्याच कानात घुमत होती.

सही झाली नाही तर सोमवारी आपण नुसते मुरलीधर.

सकाळी आठला गाडी करूळ घाटाला लागली. मागे चिरे, पुढे मोकळा रस्ता. शिवाप्पा इंजिनाच्या झाकणावर घडी करून टाकलेल्या वाकळेवर बसले होते, गिअरच्या दांडीपासून वीतभर अंतरावर.

"मास्तर, तुम्ही दोन हजार लोकं शिकवली?"

"दोन हजार एकशे चाळीस."

"त्यात गाडी किती जणांनी आपटली?"

"एकानेही नाही." सरांची मान ताठ झाली. "पंधरा वर्षांत गाडीला ओरखडा नाही. आरटीओवाले दाखला देतील."

"कसं काय?"

"माझ्या बाजूला पेडलं असतात ना. शिकणारा चुकायच्या आत मी क्लच दाबलेला असतो, ब्रेक दाबलेला असतो."

"म्हंजे त्यो चुकतच न्हाई."

"मी चुकूच देत नाही."

"मग त्यो शिकतो कवा?"

प्रश्न खेडवळ आहे, असं सरांनी मनाशी ठरवलं.

थोडं पुढे गेल्यावर शिवाप्पांनी विचारलं, "आन् रेसचं पायडल? ते बी आसतंय तुमच्या बाजूला?"

"छे. रेसचं मास्तरच्या बाजूला कशाला? मास्तरचं काम गाडी थांबवायचं."

शिवाप्पांनी सरांच्या पायांकडे पाहिलं.

"...तरीच."

"काय तरीच?"

"वळाण आलं बगा."

वळण आलं. इंजिन रडायला लागलं. सरांनी क्लच दाबला, तिसरा काढला, क्लच सोडला. आता रेस. आता उजव्या पायाने रेस द्यायची, बस्स. पण गाडीचा जोर सुटल्याचं जाणवलं, आणि पंधरा वर्षांचा सराव असलेले दोन्ही पाय आपणहून निघाले. डावा क्लचवर, उजवा ब्रेकवर.

कर्रर्र.

गाडी जागीच थबकली.

तेवढ्यात डावीकडून शिवाप्पांचा हात झेपावला. दांडीवरचा सरांचा हात बाजूला सारून त्यांनी ती पहिल्यात घातली. "क्लच सोडा. रेस द्या. ब्रेक सोडा आता." गाडी हिसका देऊन वर निघाली.

"वाचलो," सर म्हणाले. खरोखरच त्यांना हायसं वाटलं होतं. "तुम्ही होतात म्हणून."

"चुकलं," शिवाप्पा म्हणाले.

"हो, माझं चुकलं. पुढच्या वेळी..."

वाकळेवरून उठून शिवाप्पा पलीकडे दाराला लागून बसले.

पुढचं वळण. पुन्हा तेच. क्लच, तिसरा बाहेर, क्लच सोडला... आणि उजवा पाय ब्रेकवर. सरांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून डावीकडे पाहिलं. या वेळी हात आला नाही. त्यांनी दांडी तशीच दुसऱ्यात रेटली आणि इंजिन दोन गचके देऊन बंद पडलं. नुसता ब्रेकवर तोललेला ट्रक चढावर उभा राहिला.

"हँडब्रेक वडा. पाय बी काडू नका."

शिवाप्पा उतरले. कठड्याजवळचा मोठा दगड त्यांनी आणला आणि मागच्या चाकाच्या मागे सारला. चढावर गाडी बंद पडली की हेच करतात. गाडी निघाली की दगड लावणाऱ्याने तो उचलून रस्त्याबाहेर टाकायचा, पळत येऊन टपाला लटकायचं. दगड तिथेच राहिला तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव जातो.

"पयल्यात घाला. चला!"

गाडी दगडापासून सुटली, हलली, निघाली. सरांनी आरशात बघितलं. शिवाप्पांनी दगड उचलला, कठड्यापलीकडे ठेवला, हात झटकले. आता पळतील, असं वाटलं.

ते पळाले नाहीत. कठड्यावर बसले.

सरांनी हॉर्न वाजवला. आरशातल्या शिवाप्पांनी हाताने खूण केली... जावा, जावा.

थांबायची सोय नव्हती. चढावर थांबावं तर दगड लावायला आता कोण होतं? सर चडफडले. म्हातारा घाबरला. जीव मुठीत धरून उतरला. आपल्याबद्दल त्याला काय वाटतं ते त्याने न बोलता सांगून टाकलं, आणि संघाच्या लोकांनाही तेच सांगेल. कानशिलं तापली. दोन हजार एकशे चाळीस माणसं आपल्या शेजारी निर्धास्त बसली, आणि हा एक बसू शकला नाही.

मग राग ओसरला आणि भीती उरली. भीती बरी नसते, पण ती खोटं बोलत नाही.

अजून चार किलोमीटर चढ होता. पहिल्यातच रांगत वर जावं, असा सोपा विचार त्यांच्या मनात आला. गाडी पोहोचेल. इंजिन तापेल, पण पोहोचेल. गिअर बदलायचाच नाही म्हटल्यावर चुकणार काय? बघायला कोण आहे?

ते खरंच तसे निघालेही. पाव किलोमीटर गेले असतील. गोगलगायीलाही कंटाळा आला असता.

सोमवारी चौदा जण समोर बसतील. त्यातलं कुणीतरी विचारेल, सर, चढावर खालचा गिअर कसा टाकायचा? आणि आपण काटकी घेऊन चित्र काढू.

सरांना स्वतःची लाज वाटली.

चढ जरा सैल झाला तेव्हा त्यांनी दुसरा टाकला. खालून वरच्या गिअरला जाताना अडत नसे; तो गुमान पडला. मग तिसरा टाकला. आता मागे फिरायचा रस्ता उरला नव्हता, कारण पुढचं वळण तिसऱ्यात चढणार नव्हतं.

वळण आलं. इंजिन रडायला लागलं. क्लच. तिसरा बाहेर. क्लच सोडला. गाडीचा जोर सुटला आणि उजवा पाय ब्रेककडे निघाला.

सरांनी डावीकडे पाहिलं. तिथे नुसती वाकळ होती. तिथून आता कुणाचा हात येणार नव्हता. आणि ज्याच्यासाठी ब्रेक दाबावा असा कुणी शिकाऊही आज गाडीत नव्हता. शिकाऊ ते स्वतःच होते.

पाय ब्रेकवरून सरकला आणि रेसवर पडला.

इंजिन गरजलं. क्लच. दांडी पुढे. दुसरा गिअर असा पडला, जणू तो त्यांचीच वाट बघत होता.

"शाब्बास!" सर मोठ्याने म्हणाले. पंधरा वर्षांची सवय. मग एकटेच असूनही ओशाळले.

त्यापुढच्या वळणाला रेस थोडी कमी पडली आणि दात पुन्हा घासले. पण पाय ब्रेककडे गेला नाही. त्यांनी परत रेस दिली, परत दांडी ढकलली आणि गिअर पडला. उरलेली वळणं कशी गेली ते त्यांना नीटसं आठवत नाही.

घाटमाथ्यावर चहाच्या टपरीजवळ ट्रक लावून ते बसून राहिले. पाऊण तास झाला, तास झाला. तिसरा चहा घेऊन झाला. वर येताना रागावलेले सर आता पुनःपुन्हा रस्त्याकडे बघत होते. म्हाताऱ्याला काही झालं तर नसेल? अडुसष्ट वय, चढाची वाट.

सव्वा तासाने शिवाप्पा दिसले. चालत आले. टोपी हातात, सदरा पाठीला चिकटलेला.

"अहो, कुणाच्या गाडीला हात करायचा!"

"दोघं थांबली व्हती. नगं म्हणलं." ते बाकावर टेकले. दोन तांबे पाणी प्याले. मग हात पुढे केला. "कागद आणा."

सरांनी कागद आणि पेन दिलं. शिवाप्पांनी गुडघ्यावर कागद ठेवून एकेक अक्षर सावकाश कोरलं. शिवाप्पा रामगोंडा मगदूम.

सर त्या अक्षरांकडे बघत राहिले. "तुम्ही तर काही पाहिलंच नाही."

"ऐकलं की. घाटात समदं ऐकू येतंय. एका वळणाला जरा कडकडलं."

"कडकडलं खरं."

"कडकडायचंच."

टपरीवाल्याने चहा आणून ठेवला. शिवाप्पांनी तो बशीत ओतला आणि फुंकर घालत बसले. सरांनी कागद खिशात घातला. जे हवं होतं ते मिळालं होतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मनात सल होता, आणि तो कागदाने जाणारा नव्हता.

"उस्ताद, एक विचारू? राग मानू नका."

"इचारा."

"घाबरून उतरलात ना?"

"व्हय," शिवाप्पा म्हणाले. "लई घाबरलो."

"म्हणजे माझा भरवसा नव्हता."

शिवाप्पांनी बशी खाली ठेवली. उजवा हात उलटा करून, सुलटा करून बघितला...

"तुमचा व्हता हो, मास्तर. ह्या हाताचा न्हवता."