गच्चीवरचे आबासाहेब

रणधवलराव सरकारांचा कुरडयांवर फार जीव. एका वैशाखात त्यांच्या मुदपाकखान्यातल्या आवडाबाईंनी गच्चीभर कुरडया वाळत घातल्या आणि कावळ्यांनी त्यातल्या निम्म्या फस्त केल्या.

सरकार भडकले. "हा राजद्रोह आहे! पुन्हा एकही कावळा दिसला, तर तुम्हाला संस्थानाबाहेर काढीन."

"काठी उचलली होती, सरकार," आवडाबाई म्हणाल्या. "पण पितृपंधरवड्यात कावळा पानाला शिवला, तेव्हा आपणच हात जोडून म्हणालात, 'आबासाहेब, पोटभर जेवा.' थोरल्या सरकारांवर मी काठी कशी उगारू?"

"अहो, सगळेच कावळे काही आबासाहेब नसतात!"

"मग यातले आबासाहेब कोणते, तेवढे दाखवा. बाकीचे आत्ता हाकलते."

सरकार गच्चीवर गेले. भर उन्हात ते एकेका कावळ्याचं तोंड निरखत राहिले. एकाने मान तिरपी करून असं काही खाकरलं, की सरकारांनी घाईघाईने पागोटं सावरून मुजरा केला.

खाली येऊन ते हळूच म्हणाले, "आवडाबाई, उद्या दुप्पट कुरडया घाला. आणि थोडा मऊ चीक वेगळा काढून ठेवा. आबासाहेबांना दात नव्हते."