येसाईसमोरचा धोंडा

तो धोंडा हलवायला सांगू नका. फोटो काढणारे सगळे तेच सांगतात. येसाईच्या घुमटीसमोर, अगदी दारातच, हा काळा ओबडधोबड धोंडा का, देवीचं तोंड धड दिसत नाही, असं म्हणतात. तो आमच्या ठकूचा आहे. मी ठकूच्या घरची सून. खालच्या रस्त्यावर कमान आहे, तिच्यावर नाव येसूच्या घरच्यांचं. पालखीला पहिला खांदाही त्यांचाच. आमच्या वाट्याला हा एवढा धोंडा, आणि तोही लोकांना खुपतो. बसा, सांगते.

येसू आणि ठकू घाटावरच्या एका गावच्या, शेजारशेजारच्या. एकाच मांडवात दोघींची लग्नं झाली आणि दोघी याच गावात आल्या, इथेही घराला घर लागून. लहानपणी एक कैरी मिळाली तर दोघींत वाटून खायच्या. ठकू परकराचं टोक धरून चिमणीच्या दाताने ती तोडायची आणि अर्धी येसूला द्यायची. पहिला चावा ठकूचाच, असं ठरलेलं. कारण बाकी सगळ्यात येसू पुढे असायची. झोका तिचा उंच, रंग तिचा उजळ, पहिला मुलगाही तिलाच झाला. ठकूला ते सलायचं. तरी येसूवाचून तिचा दिवस जात नसे, असं सांगतात.

त्या वर्षी पाऊस उतला आणि इथल्या तळ्याच्या बांधाला भगदाड पडलं. खाली सगळ्या गावची भातं. दोघी तिथेच गवत कापत होत्या. येसू म्हणाली, "तुझे पाय हलके, तू जा, माणसांक हाक मार." ठकू धावली. येसू भगदाडात उभी राहून ढेकळं, दगड, हाताला येईल ते रचत राहिली. माणसं पोचली तेव्हा बांध टिकला होता, येसू मात्र वाहून गेली होती.

गाव वाचलं. गावाने तिची घुमटी बांधली आणि येसूची येसाई झाली. काल जिला नावं ठेवत होते तिच्यापुढे बायका पदर पसरू लागल्या. ठकूच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ज्यांना येसूला गोड आवडत नाही एवढंही माहीत नव्हतं, ते पुरणपोळ्या घेऊन येत आणि तिला आई म्हणत. ठकू काही घुमटीकडे फिरकली नाही.

पुढे पेरणीआधी गाव येसाईला कौल लावायला बसलं. देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला पाण्याने फुलं चिकटवायची. उजवं पडलं तर तिची परवानगी. पण एकही फूल पडेना. ताटांवर ताटं मांडली, गाऱ्हाणी घातली. बी घरात पडून, आभाळ भरून आलेलं, आणि देवी गप्प. तेव्हा म्हणे ठकू गर्दी सारत आली. हातात कैरी. सगळ्यांसमोर तिने ती कचकन चावली आणि उरलेली अर्धी देवीपुढे आपटली.

गुरव ओरडला, "गो ठकू, देवीक उष्टा दाखवतंस?"

"देवी तुमची. माझी ती येसू," ठकू म्हणाली. "माका धाडल्यान नि आपण देवी होवन बसली. मी नसतंय रवलंय थंय? घे, खा. हेच्यात तरी मी फुडे!"

आणि उजवं फूल पडलं.

लोकांनी जयजयकार केला. ठकू मात्र तिथेच बसून रडली. येसू गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, म्हणतात.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या वर्षी सगळं गाव चावलेल्या कैऱ्या घेऊन हजर! दोघींचं म्हणून जे एक उरलं होतं, तेही गावाने उचललं. ठकू त्या जळफळाटातच म्हातारी झाली. मरताना मुलांना म्हणाली, "माझ्या नावाचो धोंडो तिच्या बाजूक नको. फुडे ठेवा. जो येयत तो आधी माझ्याकडे येयत."

मुलांनी ठेवला. देवीचं तोंड झाकतं म्हणून गावकऱ्यांनी तो एकदा बाजूला सारला, तर त्या वर्षी कौल अडला. परत ढकलून जागेवर आणला, तेव्हा फूल पडलं. येसूलाही तिथे ठकूच हवी होती. हे मी म्हणते. कमानवाले म्हणत नाहीत.

आजही इथे नैवेद्य चावूनच दाखवतात. आजही फोटोत येसाई पुरती येत नाही. तिचं तोंड बघायचं तर या धोंड्याशी गुडघे टेकून, मान तिरपी करून आत बघावं लागतं. मघाशी तुम्हीही टेकलात. देवीला नमस्कार केला असं तुम्हाला वाटलं असेल, पण आधी आमच्या ठकूपुढे वाकलात.