भाषणाआधीचे आभार

धोरणांवर संशोधन करणाऱ्या संस्था आणि त्यांना पैसा पुरवणारे दाते यांची मोठी जागतिक परिषद व्हिएन्नात भरली होती. नांदेडहून इंदुमती रणपिसे आल्या होत्या. मुली आठवीनंतर शाळा का सोडतात, हे त्यांच्या संस्थेला गावोगाव फिरून मुलींनाच विचारायचं होतं.

दात्यांमधलं बडं प्रस्थ म्हणजे ब्रांट साहेब. सकाळी त्यांनी बाईंचा प्रस्ताव चाळला आणि नाक मुरडलं.

"यात निष्कर्ष कुठे आहे? स्वच्छतागृह नाही म्हणून मुली शाळा सोडतात, असं लिहा. आम्ही स्वच्छतागृहंच बांधतो. आधी निष्कर्ष, मग निधी!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजून एका मुलीलाही विचारलेलं नाही, आणि हा गृहस्थ उत्तर लिहून मागतोय! पण त्यांनी प्रस्ताव उचलून पिशवीत ठेवला. संध्याकाळी ब्रांट साहेबांच्या भाषणानंतर आभार मानायचं काम त्यांच्याकडेच होतं.

संध्याकाळी साहेब कोट सावरत भाषणाला उठले, तोच बाईंनी माइक गाठला.

"ब्रांट साहेबांचं भाषण फारच सुंदर झालं. सभागृह भारावून गेलं, टाळ्या थांबता थांबेनात. साहेबांचे मनःपूर्वक आभार!"

साहेब लालबुंद झाले. "अहो बाई, मी अजून तोंडसुद्धा उघडलेलं नाही!"

"आमच्या मुलींचं उत्तर तर तुम्ही सकाळीच सांगून मोकळे झालात, साहेब," बाई म्हणाल्या. "त्यांनी तरी कुठे तोंड उघडलंय?"