नागमोडी तलवारीचा भाव

शंखगडच्या भुजंगराव महाराजांची सर्वांत महागडी तलवार एका सकाळी अचानक स्वस्त झाली!

तलवार होती मोरो लोकांची. पूर्वेकडच्या दूरच्या बेटांवरचे हे दर्यावर्दी लढवय्ये. त्यांच्या जुन्या तलवारी जहाजातून बंदरावर येत, तिथे त्यांचा लिलाव होई आणि महाराज त्यांच्यामागे वेडे झालेले. ही नागमोडी पात्याची तलवार त्यांनी पाचशे मोहरांना घेतली होती. आणि आज बंदरावरून बातमी आली, की तशाच तलवारींचं गाठोडं उतरलंय आणि एकेक वीस मोहरांना जातेय!

"वीस?" महाराज शस्त्रं ठेवायच्या सिलेखान्यात येऊन गरजले. "कोथळा काढायच्या शस्त्राला कोथिंबिरीचा भाव?"

कोपऱ्यात भिवरा तलवारी पुसत होती. सिलेखान्याचा पहारेकरी धोंडजी, त्याची ही मुलगी. तिला खुदकन हसू फुटलं.

"कोण हसलं?"

"मी, महाराज. खोटं कशाला बोलू? पातं तेच, धार तीच. काल तिच्याकडं बघून आपण मिशीला पीळ देत होतात, आज तोंड फिरवता. बिचारीनं केलं काय?"

दारातून धोंडजी तिला गप्प राहायच्या खुणा करू लागला. महाराजांचे डोळे बारीक झाले.

"फार जीभ चालते तुझी! मग तूच आण तिचा भाव परत. परवा दरबारात भर लिलावात ही तलवार पाचशे मोहरांना विकून दाखव. एकही मोहर कमी नको. आणि ऐक! तलवार आमच्या सिलेखान्याबाहेर जाता कामा नये. विकायचीही आणि ठेवायचीही! जमलं नाही, तर बापलेकींनी शंखगडची वेस ओलांडायची."

दिवाण त्र्यंबकपंत तोंडावर उपरणं धरून हसले. भिवराच्या हातातलं फडकं क्षणभर थांबलं. बापाची सगळी हयात या दारात उभं राहण्यात गेली होती. या वयात तो जाणार कुठं?

"महाराज, बोली कुणीही लावायची ना?"

"कुणीही! आमच्या दरबारात कुणाला मज्जाव नाही."

"आणि ज्याची बोली वरचढ, त्यानं मोहरा मोजायच्याच?"

"मोजायच्याच! मग तो कुणी का असेना!"

"झालं तर," म्हणत भिवरा उठली. फडकं झटकलं आणि तडक निघाली ती शेजारच्या कातळवाडीला, जहागीरदार रंगरावांकडे. रंगरावांनाही तलवारींचा तोच नाद, आणि महाराजांशी उभा दावा.

"भुजंगराव तलवारी विकायला लागला?" रंगराव मांडी थोपटून हसले. "येतो की! वीस मोहरांत उचलतो आणि तिनं फणस फोडतो!"

लिलावाला दरबार गच्च भरला. भिवराची फजिती बघायला महाराज स्वतः ऐटीत बसले. दलालाने तलवार उंच धरली.

"वीस!" रंगराव म्हणाले.

पुढे कुणी बोलेना. दिवाणांनी भिवराकडे बघून मान हलवली. भिवरा मात्र रंगरावांकडे वळली.

"जहागीरदारसाहेब, नेल्यावर ही टांगणार कुठं?"

"दिवाणखान्यात! खाली पाटी लावीन, 'भुजंगरावांना झेपली नाही, म्हणून आमच्याकडे आली'!"

महाराजांचे कान लाल झाले. हात आपोआप वर गेला.

"पन्नास!"

"महाराज, महाराज," त्र्यंबकपंत कुजबुजले, "तलवार आपलीच आहे!"

"आमचीच आहे, म्हणून त्या रंग्याला देऊ? गप्प बसा!"

"शंभर!" रंगराव.

"दीडशे!"

"दोनशे! भुजंगराव, कर्ज हवं असेल तर सांगा!"

"तीनशे!!"

रंगरावांनी साडेतीनशे म्हटलं, महाराजांनी चारशे. मग रंगरावांनी घाम पुसला आणि ते मागे टेकून बसले. त्यांची हौस फिटली होती.

"चारशे एक बार!" दलालाने हातोडा उचलला. "चारशे दोन बार!"

धोंडजीने डोळे मिटून घेतले. भिवरा मात्र शांतपणे पुढे झाली आणि तलवार गोणपाटात गुंडाळू लागली.

"अगं ए! हे काय?" महाराज ओरडले. "आमची तलवार गोणपाटात?"

"चारशेवालीला गोणपाटच, महाराज. मखमल पाचशेवालीला होती."

"मग पाचशे!" महाराज ताडकन उभे राहिले. "पाचशे मोहरा! काढ ते गोणपाट!"

आपल्याच बोलीवर त्यांनी बोली लावली होती! दलालाने एवढ्या घाईने हातोडा आपटला, की मेजावरची पानसुपारी उडाली. दरबारात खसखस पिकली. महाराज भानावर आले.

"थांबा! आम्ही आमचीच तलवार विकत घेतली?"

"होय, महाराज. लिलाव भर दरबारात झाला, भाव पाचशे आला आणि तलवार आता आपल्याच सिलेखान्यात जाईल."

"ही लबाडी आहे! एवढे पैसे दुसऱ्या कुणी दिले असते, तर गोष्ट वेगळी."

"दुसरं कोण देणार, महाराज? हिला पाचशे देणारं गिऱ्हाईक अख्ख्या मुलखात एकच. मागच्या खेपेलाही आपणच होतात!"

महाराजांनी आधी तलवारीकडे पाहिलं, मग अजून अर्धवट वर राहिलेल्या स्वतःच्या हाताकडे. आणि त्यांना जे हसू फुटलं, ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर थांबेना! धोंडजीने डोळे उघडले ते त्या हसण्यानेच.

"पोरी, मोहरा मोजायच्याच, असं आम्हीच म्हणालो होतो. पण आम्हीच आम्हाला काय मोजणार? त्र्यंबकपंत, पाचशे मोहरा हिच्या ओटीत घाला! आणि आजपासून तुला नवी नोकरी. लिलावात आमच्या उजव्या हाताला बसायचं. हात वर जाऊ लागला, की धरायचा."

"आणि महाराजांनी हात झिडकारला तर?"

"तर खुशाल चिमटा काढ!" महाराज म्हणाले, आणि पुन्हा पोट धरून हसायला लागले.