मंजुळेची नाडी

"...मग नाडी खोटे बोलली म्हणायचे का, महाराज?"

वारणाकाठच्या मठात दादामहाराज अडुळशाची पाने निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

प्रश्न त्र्यंबकशास्त्र्यांचा होता. याच ओसरीवर बारा वर्षे बसून ते वैद्यकी शिकले होते. रोग्याने तोंड उघडण्यापूर्वी रोग सांगणारा वैद्य, अशी पंचक्रोशीत त्यांची ख्याती. रोगी आत येण्याआधीच ते डोळे मिटून बसत, चाचपून मनगट धरीत. आणि तेवढा वेळ कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा त्यांच्याकडचा दंडक. नाडी सोडली की लगेच पुडी बांधली जाई.

सगुणेची सात वर्षांची मंजुळा तीन महिन्यांत चार वेळा त्यांच्यापुढे बसली. आधी त्यांनी जंत सांगितले, नंतर पित्त. सगुणा काही बोलू लागली, तेव्हा आयांना धीर म्हणून नसतो, असे म्हणून ते हसले होते.

अखेर शाळेतल्या बाईंनी पोरीला शहरात नेले. मेंदूच्या मागच्या भागात लिंबाएवढी गाठ निघाली. लहान मुलांनाही कर्करोग होतो, हे सगुणेने तिथे प्रथम ऐकले. लवकर आणली असती तर निदान झुंजता आले असते, असे डॉक्टर म्हणाले.

मंजुळा परवा गेली.

"मला प्रायश्चित्त सांगा," शास्त्री म्हणाले. "उपास सांगा, मौन सांगा, करीन. पण माझे चुकले कुठे, तेही सांगा. मला तर दिसत नाही."

महाराजांनी पाने बाजूला सारली आणि मनगट पुढे केले.

"पाहा."

शास्त्र्यांनी सवयीने डोळे मिटले. बोटे स्थिरावली...

"किंचित वात आहे. बाकी निर्दोष."

"आता डोळे उघड."

हाताच्या अंतरावर सगुणा उभी होती. पदराचे टोक तिने दोन्ही मुठींत आवळून धरले होते.

"बोल, बाई," महाराज म्हणाले. "आज तुला कोणी अडवणार नाही."

"सकाळी उठली की डोकं धरून बसायची," सगुणा म्हणाली. "मग भडाभडा ओकायची, की जरा बरं वाटायचं तिला. जंतानं असं रोज सकाळीच होतं का, एवढंच मला विचारायचं होतं. मान एका अंगाला कलती झाली होती. चालताना झोक जायचा..."

ती थांबली.

"तुमच्या खोलीत आली तीसुद्धा भिंत धरूनच, शास्त्रीबुवा. चारही खेपेला."

 शास्त्री महाराजांकडे वळले.

"ही... ही इथे केव्हा आली, महाराज?"

महाराजांनी मनगट सोडवून घेतले.

"तुझ्यापुढे? तीन महिन्यांपूर्वी."