घागरीतले डोळे

फार पूर्वी खाडीकाठच्या एका गावात एक सासू आणि तिची गरोदर सून राहायची. लेक तारवावर गेलेला, लवकरच परतायचा होता.

एकदा सासूच्या जाळ्यात चिंबोरी, म्हणजे खेकड्याची मादी, आली. पोटाखाली पिवळ्याधमक अंड्यांचा घोस! अशी चिंबोरी पाण्यात परत सोडायची, ही गावाची रीत. पण लेकाला अंड्यांचं कालवण म्हणजे जीव की प्राण. सासूने घागरीत खाडीचं पाणी भरलं आणि लेक येईपर्यंत ती त्यात ठेवली.

आणि मग पिवळं उतरायला लागलं. अंडी तेवढीच, पण आतून कुणीतरी चाटून घ्यावं तसा रंग रोज फिका.

"डोहाळे लागलेत म्हणून चोरून चोखतेस होय गं?" सासू कडाडली.

"आये, मी नाय गो हात लावला."

सासूचा कसला विश्वास! तिने तांदळाच्या पेटीला कुलूप घातलं, सुनेला वाटीभर पेजेवर ठेवलं. घागरीच्या तोंडाला फडकं बांधलं, पाणीही आता स्वतःच बदलू लागली.

गाठ जशीच्या तशी राहायची आणि पिवळं कमीच व्हायचं. चिंबोरी तर काही खातही नव्हती. भर दुपारी, घरात चिटपाखरू नसताना, घागरीतून खसखस आवाज ऐकू यायचा. सासूच्या अंगावर काटा यायचा.

शेवटी तिने चिंबोरी उचलून उजेडात धरली. घोस काळपट झाला होता. प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके. ते डोळे होते. हजारो डोळे, सगळे तिच्याकडे रोखलेले.

तिची किंकाळी ऐकून सून भिंतीला धरून आली.

"कोण खातंय गं हे?" सासूने घोस तिच्यापुढे धरला.

"आतली पोरं, आये. पिवळं म्हणजे आईने बांधून दिलेली शिदोरी. ती खाऊनच त्यांचे डोळे होतात, पाय होतात."

"आणि आईने शिदोरीच दिली नसती तर?"

सून पोटावर हात ठेवून उभी राहिली. सासूने तिच्याकडे पाहिलं. गाल बसलेले, पोट मात्र वाढलेलं, आणि खोल गेलेले दोन काळे डोळे तिच्यावर खिळलेले. आपण कुणाच्या शिदोरीला कुलूप घातलं, ते तिला कळलं.

चिंबोरी त्याच दुपारी खाडीत गेली. पेटीची किल्ली सुनेच्या कमरेला आली. लेक परतला तेव्हा साधंच कालवण होतं, आणि पहिलं ताट सुनेचं. नातू झाला, गुटगुटीत. तरी घागरीचं तोंड उघडताना सासू जन्मभर आधी डोळे मिटून घ्यायची.

तात्पर्य: पोटातला जीव खातो ती चोरी नव्हे, आईची शिदोरी असते, म्हणून आईचं ताट आधी भरावं.